मुरमाच्या कोर्टावर फेडरर होता येत नाही

आमच्याकडं ‘टेनिस’ म्हटलं की लोकांना टेनिस बॉलचं क्रिकेटच आठवतं. मी रॅकेट घेऊन एसटीत चढलो की कंडक्टर विचारायचा, "बॅडमिंटन का बे?" मी हो म्हणून मोकळा व्हायचो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी वसाहतीमागं मुरमाचं एक कोर्ट आहे. तिथंच शिकलो, आणि आता तिथंच सकाळी दहा-बारा पोरापोरींना शिकवतो. नवीन आलेल्याचा प्रश्न ठरलेला असतो, "सर, कोणासारखं खेळू?" मला याचं उत्तर बरंच हरल्यावर सापडलं.

मी टीव्हीवर फेडरर पाहायचो. एका हाताचा बॅकहँड (हाताची पाठ पुढं करून मारायचा फटका) आणि सर्व्हिस टाकली की नेटकडं धाव, एवढं मी त्याच्याकडून उचललं. दिसायला झकास. पण सर्व्हिस करून नेटवर जायचा खेळ शोभतो गवतावर. तिथं बॉल घसरतो, खाली राहतो आणि समोरचा तो उचलेपर्यंत तुम्ही नेटपाशी पोचलेले असता. मुरमावर सगळं उलटं. बॉल जमिनीला घासून मंदावतो, वर उठतो आणि समोरच्याला निवांत वेळ मिळतो. त्यात आमचे बॉल महिनाभर वापरलेले, केस गेलेले टकले.

तो वेळ कसा वापरायचा हे कृषी खात्यातल्या एका काकांना पक्कं ठाऊक होतं. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, पायात कॅनव्हासचे बूट. फटके दोनच, स्लाइस (बॉल खालून कापत मारायचा) आणि लॉब (समोरच्याच्या डोक्यावरून उंच टाकायचा). मी नेटवर गेलो की बॉल डोक्यावरून मागच्या फक्कीच्या रेषेजवळ अलगद पडायचा. मी सोळा वर्षांचा, आणि ६-१, ६-२ असा मार खायचो. आम्ही पोरं त्यांना मागून ‘भिंत’ म्हणायचो, त्यात कौतुक कमी आणि चिडचिड जास्त. एकदा माझा फोरहँड थेट कुंपणावर गेला तेव्हा काका म्हणाले, "काहून मारतं बे इतक्या जोरात? बॉलनं तुयं काय खाल्लं?"

अशा खेळाला नाकं मुरडू नका. समोरच्याचाच जोर वापरायचा, त्याच्यापेक्षा एक बॉल जास्त परत करायचा आणि चूक त्याला करू द्यायची, ही पूर्ण वाढलेली शैली आहे. रशियाचा मेदवेदेव रिटर्नला, म्हणजे समोरच्याची सर्व्हिस परत करायला, बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) कितीतरी मागं उभा राहतो तो घाबरून नाही, बॉल पाहायला वेळ मिळावा म्हणून. नदालला मात्र नुसती भिंत समजू नका. त्याचा डावखुरा, टॉपस्पिनचा (बॉलला पुढच्या बाजूला फिरकी देणारा) फोरहँड उजव्या हातानं खेळणाऱ्याच्या बॅकहँडला खांद्याच्या वर उसळायचा आणि समोरचा मागं ढकलला गेला की नदाल पुढं सरकायचा. फ्रेंच ओपन १४ वेळा असा जिंकला गेला.

तुमची शैली कुठली, हे सराव पाहून कळत नाही. सर्व्हिस तुमची आणि स्कोअर ३०-४०, म्हणजे अजून एक पॉइंट गेला की गेम गेला, असं असताना पाय काय करतात ते पाहा. काही पोरं आपोआप पुढं सरकतात, काही दोन पावलं मागं जातात. दोन-तीन आठवडे वहीत लिहा. मागं जाणाऱ्याला बळंच नेटवर पाठवू नका, त्याला आधी खोल आणि उंच बॉल शिकवा. मी माझी दोन वर्षं याच्या उलट घालवली.

आता डोक्याचं. शालेय जिल्हास्तरावर मी पहिला सेट जिंकून दुसऱ्यात ५-२ पुढं होतो. तेवढ्यात मनात आलं, घरी फोन करून कसं सांगायचं? पुढच्या गेममध्ये दोन डबल फॉल्ट, म्हणजे दोनदा सर्व्हिसचे दोन्ही प्रयत्न चुकून पॉइंट फुकट. ५-५ झाल्यावर मी एक बॉल आउट आहे म्हणून भांडलो. समोरच्या पोरानं नुसतं रॅकेटनं मुरमावरची खूण दाखवली, बॉल रेषेवरच होता. तो दर पॉइंटनंतर पाठ फिरवून बोटांनी तारा सरळ करायचा, मग वळायचा. तेव्हा मला ते नाटक वाटलं होतं. मोठ्या स्पर्धांत दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद मिळतात आणि त्याला ती वापरता येत होती.

शांतच राहायला पाहिजे असंही नाही. जुन्या चॅम्पियनांपैकी बोर्ग थंड होता, मॅकेन्रो आरडाओरडा करायचा आणि दोघंही जिंकले. पण चिडून खेळ सुधारणारे फार थोडे. पोरांना मी २०१९ची विम्बल्डन फायनल सांगतो. फेडररनं २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचनं २०४, आणि कप जोकोविचनं नेला, तोही फेडररचे दोन मॅच पॉइंट (जिंकला की मॅचच संपते असा पॉइंट) वाचवून. म्हणजे गेलेल्या पॉइंटचं सुतक धरायला इथं जागाच नाही.

तरी त्यांना जास्त आवडते ती १९८९ची चँगची गोष्ट. फ्रेंच ओपनमध्ये सतरा वर्षांचा पोरगा, पायात गोळे, समोर जगातला पहिल्या नंबरचा लेंडल. चँगनं मध्येच हात खालून सर्व्हिस टाकली. शेवटी मॅच पॉइंटवर तो रिटर्नला पार सर्व्हिस बॉक्सजवळ (सर्व्हिस जिथं पडायला हवी त्या चौकटीजवळ) येऊन उभा राहिला आणि लेंडलनं डबल फॉल्ट केला. दुसऱ्या दिवशी आमच्या कोर्टावर सगळ्यांनी हात खालून सर्व्हिस केली. मी काही बोललो नाही.

मे महिन्यात येणार असाल तर साडेपाचला या. आठनंतर कोर्ट तापतं, बॉल जास्त उडतो आणि पोरं उगाच आपल्या फोरहँडला दोष देतात. रविवारी काका असतात, निवृत्त झालेत. मी अजून सवयीनं नेटवर जातो आणि त्यांचा लॉब अजून त्याच रेषेजवळ पडतो.