अथणीची कोल्हापुरी चावत होती, ती अशी मऊ केली

निपाणीच्या बाजारातून बाबांना अथणीची कोल्हापुरी आणली. (कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेल्या जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनात आपला बेळगाव जिल्हाही आहे, हे अभिमानाने सांगते.) पण ती चावायला लागली, पायाच्या अंगठ्याजवळचं कातडं सोललं. हे चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं, सुरुवातीला ताठच असतं, पण तेल मात्र छान पितं. चपलेचा अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची जागा) आणि पट्ट्याच्या आतून कोमट एरंडेल बोटाने जिरवलं, रात्रभर ठेवलं. सकाळी पुसून पट्टा हाताने हळूहळू मागेपुढे वाकवला. मग घरातच थोडा थोडा वेळ घालायला दिली. पाण्यात अजिबात भिजवू नका, उन्हातही नको; चामडं तडकतं. चप्पल रेक्झिनची, म्हणजे नकली चामड्याची असेल तर तेलाचा उपयोग नाही. बाबांचा डावा पाय रुंद, त्या चपलेला पुन्हा तेल द्यावं लागलं.