धुराचा माग काढायचा तर उलटं चालायचं

७ जून २०२३ ला न्यूयॉर्कचं आकाश भरदुपारी नारिंगी झालं. शेजारच्या न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण फोनवर म्हणाली, "अगं, इथे कुठेच काही जळत नाहीये, आणि घरभर चुलीसारखा वास." जळत होतं ते शेकडो किलोमीटर उत्तरेला, कॅनडाच्या क्युबेक प्रांतातलं जंगल. असा माग घरबसल्या काढता येतो. सरावाला हीच तारीख घ्या, उत्तर आधीच माहीत आहे.

१. ब्राउझरमध्ये नासाचं 'वर्ल्डव्ह्यू' हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ उघडा. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. खालच्या पट्टीत तारीख टाका, नकाशा न्यूयॉर्कवर आणा. डावीकडच्या यादीतले 'करेक्टेड रिफ्लेक्टन्स' नावाचे थर म्हणजे डोळ्यांना दिसतील तसे रंगीत फोटो. टेरा उपग्रहाचा फोटो तिथल्या सकाळी साडेदहाच्या सुमाराचा, सुओमी एनपीपी या दुसऱ्या उपग्रहाचा दुपारी दीडच्या आसपासचा. दोन्ही आलटूनपालटून लावले की मधल्या तीनेक तासांत धूर कुठे सरकला ते कळतं.

२. आता धूर ओळखा. सगळे अडकतात ते इथेच. दाट ढग पांढराशुभ्र, कडा ठसठशीत, कधी बाजूला सावलीही पडलेली. धूर करडा-मातकट, विरलेल्या सुती साडीसारखा. त्यातून खालची नदी, किनारा अंधुक दिसत राहतो. शंका आली की आपण झूम करत सुटतो. मी म्हणेन, उलट लांब जा. धुराचा पट्टा दुरूनच ओळखू येतो.

३. मग एकेक दिवस मागे जा. 'फायर्स अँड थर्मल अनॉमलीज' हा थर लावा. नकाशावर लाल ठिपके उमटतील. उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस या उपकरणाचा एक ठिपका साधारण ३७५ मीटरच्या चौकोनाचा असतो, जुन्या मोडिस उपकरणाचा १ किलोमीटरचा. तेवढी सगळी जागा पेटली आहे असा त्याचा अर्थ नाही, आणि कारखान्याची भट्टीसुद्धा कधीकधी ठिपका होऊन बसते. म्हणून नुसते ठिपके मोजू नका. ज्या ठिपक्यापासून धुराचं शेपूट निघून वाऱ्याच्या दिशेने रुंदावत गेलंय, तो पकडा. ६ आणि ५ जूनच्या चित्रांत ही शेपटं क्युबेकमध्ये सापडतील.

पण धूर दक्षिणेलाच का आला? त्या दिवसांत कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियाच्या आसपास कमी दाबाचं क्षेत्र होतं. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, म्हणजे त्याच्या पश्चिम अंगाला उत्तरेकडून खाली येतो. न्यूयॉर्क नेमकं त्या अंगाला. चित्रात ढगांचा भोवरा शोधा, वाऱ्याचा वेगळा नकाशा लागत नाही.

एक फसवणूक मात्र लक्षात ठेवा. दिवसाचं चित्र उपग्रहाच्या वेगवेगळ्या फेऱ्यांच्या पट्ट्या जोडून शिवलेलं असतं, आणि दोन फेऱ्यांत सुमारे १०० मिनिटांचं अंतर. शिवणीपाशी धूर तुटलेला दिसला तर तो खरोखर तुटलेला नसतो.

४. ढग आड आले तर 'एरोसोल इंडेक्स', म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांचा थर लावा. ढगांच्या वर तरंगणारा धूर त्यात उठून दिसतो. वाळवंटातली धूळही तशीच दिसते, आणि जमिनीलगतचा धूर त्यातून बऱ्याचदा निसटतो.

आत्ता चालू असलेल्या आगीसाठी दिवसाला दोन-तीन फोटो पुरत नाहीत. तेव्हा अमेरिका खंडांवर कायम नजर रोखून असलेल्या गोज उपग्रहाचा थर घ्या. त्याची चित्रं दर १० मिनिटांनी येतात. ओळीने चालवली की धूर वाहताना दिसतो.

५. शेवटी जमिनीवर या. उपग्रह वरून बघतो. धूर नाकाशी आहे की चार किलोमीटर उंचीवर, हे फोटो सांगत नाही. त्याच जूनच्या अखेरीस कॅनडाचा धूर अटलांटिक ओलांडून पोर्तुगाल-स्पेनपर्यंत पोचला. आकाश धुरकटलं, पण धूर बराच उंचावर असल्याने खालची हवा फारशी बिघडली नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र ७ जूनला हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) ४०० च्या वर गेला होता. म्हणून चित्रातला पट्टा आणि त्या गावच्या हवा मोजणाऱ्या केंद्रावरचा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही एकाच वेळी चढले, तरच खिडक्या लावायला सांगा.