थंडीतली खरूज: आयव्हरमेक्टिन की डोरामेक्टिन?

निफाडचा पारा उतरला की सगळ्यांचं लक्ष द्राक्षबागेकडे जातं. याच दिवसांत गोठ्यात खरूज पसरते. रात्री जनावरं दाटीवाटीनं बांधली जातात, अंगावर केस दाट असतात आणि ऊनही कमी मिळतं. सिन्नर, येवला, नांदगावकडच्या मेंढ्या शेतात बसवायला आल्या की दोन-तीन कळप एकत्र येतात, आणि खरूजही एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

दुकानात गेलं की ‘खरजेचं इंजेक्शन’ म्हणून आयव्हरमेक्टिन हातात पडतं. थोडे जास्त पैसे मोजले तर डोरामेक्टिन. दोन्ही एकाच कुळातली औषधं, साधारण १ टक्का तीव्रतेची, दोन्ही टोचायची. गाई-म्हशीला चामडीखाली, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५० किलो वजनाला १ मिली. मेंढीच्या लोकर गळणाऱ्या खरजेत (सोरोप्टिक) डोरामेक्टिनची मात्रा किलोमागे ३०० मायक्रोग्रॅम धरतात, आणि ते स्नायूत टोचतात. शेळीचं शरीर ही औषधं लवकर बाहेर टाकतं, म्हणून तिची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

खरा फरक औषध अंगात किती दिवस टिकतं यात आहे. ही इंजेक्शनं खरूज करणारे बारीक किडे मारतात, त्यांची अंडी मारत नाहीत. नंतर फुटलेल्या अंड्यांतली पिल्लं मारायला आयव्हरमेक्टिनचा दुसरा डोस लागतोच, मेंढीच्या सोरोप्टिक खरजेत ७ दिवसांनी आणि चेहरा, कान, मान धरणाऱ्या सारकोप्टिक खरजेत साधारण १४ दिवसांनी. पहिल्या सुईनंतर खाज कमी होते आणि दुसरी राहून जाते. ‘औषध लागू पडत नाही’ या तक्रारीमागं बहुतेक वेळा हेच असतं. डोरामेक्टिन तेलात असतं, सावकाश मुरतं, जास्त दिवस टिकतं. म्हणून माझं मत असं: दावणीला बांधलेल्या जनावरांना आयव्हरमेक्टिनचे दोन डोस पुरेत, तारीख भिंतीवर लिहून ठेवा. पण आज दिंडोरीत तर पंधरवड्यानं आणखी कुठं, असा मेंढ्यांचा फिरता वाडा असेल तर डोरामेक्टिनचे जादा पैसे वसूल होतात.

दुभत्या जनावराला मात्र दोन्ही नकोत. औषध दुधात उतरतं आणि बरेच दिवस राहतं. एप्रिनोमेक्टिन हे पाठीवर ओतायचं औषध दुभत्या गाईंसाठी आहे. मिळत असेल तर डॉक्टरांना विचारा. कापायच्या बोकडालाही लेबलवरची मुदत पाळा.

सुई घेण्याआधी रोग खरजेचाच आहे ना, ते बघा. वासराच्या तोंडाभोवती गोल, राखाडी, पापुद्र्यांचे चट्टे असले तर ते बहुधा गजकर्ण; ती बुरशी आहे, तिथं यातली कुठलीच सुई चालत नाही. पायांवर आणि शेपटीच्या बुडाशी राहणारी खरूजही (कोरिओप्टिक) सुईनं पूर्ण जात नाही, कारण ते किडे कातडीच्या वरच्या थरावर जगतात. तिथं वरून लावायचं औषध बरं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चट्ट्याच्या कडेची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मधली नको, कडेची; किडे तिथंच असतात.

टोचताना वजन अंदाजानं कमी धरू नका. अर्ध्या डोसातून वाचलेले किडे पुढं औषधाला दाद न देण्याचा धोका वाढतो. जागा मानेवरच्या सैल कातडीखाली (मेंढीला डोरामेक्टिन मात्र मानेच्या स्नायूत). एका जागी १० मिलीपेक्षा जास्त नको. शिरेत कधीच नाही. लहान करडं-कोकरांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. कळपातल्या सगळ्यांना एकाच दिवशी द्या, फक्त खाजवणाऱ्यांना नको. उपचारानंतर आठवडाभर ती औषध न दिलेल्या जनावरांपासून दूर ठेवा. किडे थंड, ओल्या जागेत अंगाबाहेरही काही दिवस जगतात, म्हणून जुनं अंथरूण जाळा, दावं आणि खरारा उकळत्या पाण्यातून काढा.

धार काढणाऱ्याच्या हाताला खाज सुटली तर त्वचारोगाच्या डॉक्टरांकडं जा. जनावराची बाटली माणसावर वापरू नका.