पाढे म्हणून घेऊ नका, विचारा

माझ्या चौथीच्या वर्गात पाढे रोज दणक्यात व्हायचे. शेजारचे गुरुजी दार लोटून घ्यायचे, इतका सूर लागायचा. एकदा एकाला मधूनच विचारलं, "सात आठे किती?" गडी मनातल्या मनात "सात एके सात"पासून निघाला, ओठ हलताना दिसत होते. "सात सक"ला अडखळला आणि परत पहिल्यापासून! त्याची चाल पाठ होती, पाढा नव्हता.

डी.एड.ला एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा १८८५ सालचा विस्मरणाचा आलेख मी परीक्षेपुरता काढला होता. पाठ केलेलं सुरुवातीला भराभर निसटतं, मग गळती मंदावते. त्याहून कामाचा निघाला रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग. कॉलेजच्या मुलांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे. तासाच्या शेवटी मुलं धडाधड उत्तरं देतात, त्यावर मी तेव्हापासून भाळत नाही.

तर तासाची पहिली पाच मिनिटं अशा न बघता आठवण्यासाठी ठेवा. पुस्तकं दप्तरात. प्रश्न पाचच: दोन कालचे, दोन गेल्या आठवड्यातले, एक महिन्यापूर्वीचा, तेही उलटसुलट. हात वर करायला सांगू नका, रोज तेच चार हात वर येतात. सगळ्यांनी पाटीवर लिहायचं. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा. हे सगळ्यात अवघड, कारण आपलीच जीभ गप्प बसत नाही. मग "पाट्या वर!"

आता पाट्या नीट बघा. सात आठेला कुणी ६५ लिहिलेलं असतंच. पूर्वी मी फुली मारून पुढे जायचे. आता विचारते, "किती लिहिलंस?" "छप्पन्न." म्हणजे पाढा येतोय! छप्पन्नमध्ये सहा आधी ऐकू येतो, म्हणून तो आधी लिहिला. त्याला पाढा घोकायला लावून काय उपयोग? त्याच्यापुढे खेळातल्या दहाच्या पाच नोटा आणि सहा सुटे ठेवायचे आणि लिहून घ्यायचं.

गुण देऊ नका. मी आठवडाभर दिले, तर मुलं शेजारच्या पाटीत डोकवायला लागली. बरोबर उत्तर लगेच फळ्यावर लिहा. जे बहुतेकांचं चुकलं ते उद्याच्या पाचात घाला. मी वहीच्या कोपऱ्यात टिपून ठेवते, नाहीतर मीच विसरते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पाट्या कोऱ्या निघतील. घाबरून सगळं नव्याने शिकवायला घेऊ नका. विसरलेलं दुसऱ्यांदा पाठ करायला कमी वेळ लागतो, हेही एबिंगहाऊसनंच मोजलं होतं. माझ्याकडे गेल्या खेपेला नवाचा पाढा तीन दिवसांत परत आला. साताला मात्र आठवडा लागला.