लहान रीफ टाकी: उडणारं पाणी आणि घसरणारी अल्कलिनिटी

रीफ टाकी म्हणजे जिवंत प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय. ६० × ४५ × ४५ सेंमीची टाकी कागदावर १२० लिटरची. खडक, वाळू आणि वर सोडलेली जागा वजा केली की पाणी उरतं जेमतेम ९० लिटर. पुढचे सगळे हिशोब ९० वरच करा. १२० धरले तर प्रत्येक मात्रा एक तृतीयांशानं जास्त पडते.

घरातल्या आरओचं पाणी थेट वापरू नका. बऱ्याच प्युरिफायरमधला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. त्यातून नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट टाकीत येतात. कॉपर कार्ट्रिज असेल तर ते पाणी अजिबात नको, आणि तांब्याच्या हंड्यातलंही नको. तांबं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना विष आहे. आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे मणी) लावा. मीटरवर टीडीएस ० यायला हवा. २-३ दिसू लागला की रेझिन बदला.

दर आठवड्याला १० लिटर पाणी बदला. त्याला रीफ सॉल्ट (समुद्राचं पाणी बनवायचं तयार मीठ) साधारण ३६० ते ३८० ग्रॅम लागतं. आधी पाणी घ्या, छोटा पंप सुरू करा, मग मीठ थोडं थोडं सोडा. मिठावर पाणी ओतलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा गाळ बसतो, तो पुन्हा विरघळत नाही. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) ठेवा. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या द्रावणानं जुळवा. साध्या पाण्यानं शून्य लावलेलं यंत्र वरच्या टोकाला चुकू शकतं.

आता लहान टाक्या जिथे हमखास बिघडतात ती गोष्ट. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पंखा लावलेल्या टाकीतून दोन दिवसांत ३ लिटर पाणी सहज उडतं आणि ३५ चे ३६.२ पीपीटी होतात. म्हणून भर घालायची ती गोड्या डीआय पाण्याचीच. खारं पाणी ओतत राहिलात तर खारटपणा दिवसागणिक चढत जातो. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवाच, पण त्याचा कॅन ५ लिटरचाच ठेवा. सेन्सर अडकून अख्खा कॅन रिकामा झाला तरी खारटपणा ३३ च्या आसपास थांबतो. २० लिटरचा कॅन असता तर प्रवाळं गेलीच म्हणायची.

तापमान २५-२६ अंश हवं. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पाण्यावर झोत मारणारा पंखा २-३ अंश उतरवतो. मुंबईत पावसाळी दमट हवेत पाणीच उडत नाही, त्यामुळे पंख्याचा उपयोगही जातो. तिथे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा खोलीला एसी, याला पर्याय नाही.

कडक प्रवाळं सांगाडा बांधताना अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातले बायकार्बोनेट आणि कार्बोनेट, खातात. ती ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) ठेवा. पण आकड्यापेक्षा तो स्थिर असणं महत्त्वाचं. रोज एकाच वेळी मोजा. सोमवारी ८.६ आणि गुरुवारी ७.७ आली, तर खप दिवसाला ०.३. ९० लिटरला १ डीकेएच वाढवायला २.७ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे रोजची मात्रा ०.८ ग्रॅम. कपभर डीआय पाण्यात विरघळवून पंपाच्या झोतात हळू ओता. बेकिंग पावडर नव्हे. तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतात. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका, नाहीतर फांद्यांची टोकं जळून पांढरी पडतात. कॅल्शियम इतकं भरभर घसरत नाही: २.८ डीकेएच खर्च झाले की सुमारे २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग). मोजकी प्रवाळं असतील तर पाणीबदलातूनच ते भरून निघतं. अल्कलिनिटी आणि कॅल्शियम दोन्ही स्थिर राहत नसतील तर मॅग्नेशियम तपासा. ते १२५० ते १३५० पीपीएम हवं.

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याचा हट्ट मात्र सोडा. दोन्ही संपले की डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्म जीव) येतात: तपकिरी, बुडबुडे धरलेला, तारेसारखा ताणणारा चिकट थर. नायट्रेट ५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असू द्या.

झोअँथिड (बटणासारखे दिसणारे, प्रवाळांच्या नात्यातले मऊ जीव) असलेला खडक कधीही उकळू नका, कोरडा घासू नका. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेतूनही माणसाला आजारी पाडतं. कापताना हातमोजे आणि गॉगल हवेतच.

आणि मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका. खडक बांधणारी सगळी कडक प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.