तुघलकी, नादिरशाही की हिटलरशाही? नेमका शब्द कसा निवडावा

जुलमी कारभारावर लिहिताना असा शब्द वापरायचा झाल्यास, घडलेली गोष्ट आधी कोणाचेही नाव न घेता एका साध्या वाक्यात लिहून काढावी. अन्याय कोणत्या प्रकारचा आहे हे त्या वाक्यावरून कळते, आणि शब्दही त्यावरूनच ठरवावा.

निर्णय मोठा, पूर्वतयारी नाही आणि झळ मात्र इतरांना, असे चित्र असेल तर ‘तुघलकी’ म्हणावे. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला हलवली आणि काही वर्षांनी पुन्हा दिल्ली गाठली. चांदीच्या टंक्याच्या मोलाने त्याने काढलेल्या तांब्या-पितळेच्या नाण्यांची लोकांनी इतकी नक्कल केली की, ती परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजण्याची वेळ आली. दक्षिणेवर पकड ठेवण्यासाठी मध्यवर्ती राजधानी हवी, हा विचार मुळात वेडगळ नव्हता. वेडगळ होती ती अंमलबजावणी. त्याच्या कठोर शिक्षाही त्याच्या पदरी काझी असलेल्या इब्न बतूताने नोंदवल्या आहेत, परंतु मराठीने त्याच्या नावातून लहरीपणा तेवढा उचलला. म्हणून निव्वळ क्रूर हुकमाला ‘तुघलकी’ म्हणणे मला चूक वाटते.

तिथे ‘नादिरशाही’ शोभते. इराणच्या नादिरशहाने 1739 मध्ये कर्नालची लढाई जिंकली, दिल्लीत कत्तलीचा हुकूम दिला आणि मयूरासनासह अमाप लूट नेली.

अधिकार वरून मिळालेला, वरिष्ठांचे लक्ष नाही आणि खालचा माणूस मोकाट, अशा वेळी पुण्याचा घाशीराम कोतवाल आठवावा. 1791 मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा कुठे नाना फडणवीसांच्या कारभाराला जाग आली.

‘हिटलरशाही’ मात्र फार जपून वापरावी. जानेवारी 1933 मध्ये हिटलर रीतसर चान्सलर झाला, आणि मार्चमध्ये संसदेनेच आपल्याला वगळून कायदे करण्याचा अधिकार त्याच्या सरकारला दिला. त्यामुळे नियमांच्याच आधारे विरोधकांची तोंडे बंद केली जात असतील, तेथे हा शब्द लागू पडतो. शिस्तप्रिय मुख्याध्यापकाला तो लावू नये, कारण त्या नावामागे सुमारे 60 लाख ज्यूंची हत्या आहे.

शब्द ठरला की तो तक्रारीच्या आरंभी न घालता हुकूम, तारीख आणि परिणाम सांगून झाल्यावर लिहावा, म्हणजे संपादकाने तो गाळला तरी तक्रार उभी राहते.