मानवशास्त्राचा अभ्यास कसा करावा: ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी

ठाणे किंवा नवी मुंबईत राहून मानवशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा सर्वांत आधी घरच्यांना हे समजावून सांगावे लागते, की हा विषय म्हणजे समाजशास्त्राचे दुसरे नाव नव्हे आणि मानसशास्त्राशीही त्याची गल्लत करू नये. समजावताना आपल्याच परिसरातील उदाहरणे द्यावीत. शहापूरच्या एखाद्या पाड्यावरील मुलांची उंची, वजन आणि आहार यांचा संबंध तपासणे हे जैविक मानवशास्त्राचे काम आहे. शिलाहारांच्या काळातील गधेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड, कोणत्या दानाचे रक्षण करण्यासाठी उभा केला गेला, हे पाहणे पुरातत्त्वीय शाखेत येते. आगरी बोलीत ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, आणि तोच बोलणारा मुलगा महाविद्यालयात पाऊल टाकताच ‘डोळा’ म्हणू लागतो. हा बदल तो कुठे करतो आणि कुठे करत नाही, हा भाषिक मानवशास्त्राचा प्रश्न आहे. साताऱ्याहून आलेले माथाडी कामगार वाशीच्या बाजारपेठेत गावाकडची भावकी कशी टिकवून धरतात, हे सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र शोधते. या चारही बाजू एकाच विषयात शिकाव्या लागतात, आणि म्हणूनच काही विद्यापीठांत त्याची पदवी कला शाखेत, तर काही ठिकाणी विज्ञान शाखेत मिळते.

मुंबईत या विषयाची परंपरा समाजशास्त्राच्या विभागातून वाढली. मुंबई विद्यापीठात हा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी त्याची धुरा सांभाळली. इरावती कर्वे आणि म्हैसूरहून आलेले एम. एन. श्रीनिवास हे दोघेही घुर्ये यांचे विद्यार्थी. त्यामुळे मुंबईत समाजशास्त्र घेऊन मानवशास्त्रीय पद्धतीने प्रबंध लिहिणे हा आडमार्ग मुळीच नाही. तो इथला जुना आणि सन्मानाचा मार्ग आहे. स्वतंत्र मानवशास्त्र विभागात शिकायचे असेल, तर ठाण्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळ पडते ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. दूर जाण्याची तयारी असल्यास दिल्ली आणि हैदराबाद येथील विभागांचा विचार करावा, आणि नोकरी सांभाळून शिकायचे असल्यास इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा. प्रवेश घेण्यापूर्वी माहितीपत्रकापेक्षा अभ्यासक्रम नीट वाचावा. क्षेत्रकार्य सक्तीचे आहे का, ते किती दिवसांचे आहे, त्याला किती गुण आहेत आणि विद्यार्थ्यांबरोबर शिक्षक स्वतः क्षेत्रात येतात का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून विभागाची खरी ओळख होते. माझ्या मते शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

वाचन कसे करावे

पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला सिद्धांतांची नावे पाठ करण्याची घाई असते. त्याऐवजी एखाद्या समाजाचे एका अभ्यासकाने केलेले सविस्तर वर्णन संपूर्ण वाचावे आणि वाचताना समासात काही गोष्टी टिपत जाव्यात: लेखक तिथे किती काळ राहिला, कोणत्या भाषेत बोलला, कोणाच्या घरी उतरला, आणि त्याला माहिती देणाऱ्यांत बायका किती होत्या. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी १९१५ ते १९१८ या काळात ट्रॉब्रियांड बेटांवर दीर्घकाळ राहून, तिथली भाषा शिकून जे काम केले, त्यामुळे राहून पाहण्याची पद्धत या शास्त्राचा पाया ठरली. पण त्यांच्या मागून आलेल्या संशोधक स्त्रियांना त्याच बेटांवर बायकांच्या देवाणघेवाणीचे असे व्यवहार दिसले, ज्यांना मॅलिनोव्स्की यांनी पुरेसे महत्त्व दिले नव्हते. अशा दोन वर्णनांची शेजारी ठेवून केलेली तुलना दहा व्याख्यांपेक्षा अधिक शिकवते.

या शास्त्राचा इतिहास सावधपणे वाचावा. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची वांशिक उतरंड लावण्याचा प्रयत्न केला, आणि मोजमापाच्या नावाखाली पूर्वग्रहाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. आजही प्रात्यक्षिकात मोजपट्टी आणि कॅलिपर हाती येतात तेव्हा हा इतिहास मनात असावा, कारण उपकरण तेच असले तरी आता त्यामागचा प्रश्न वाढीचा, पोषणाचा आणि आरोग्याचा आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने एक वेगळी शब्दवही करावी. परीक्षा बहुधा इंग्रजीत द्यावी लागते, म्हणून तो मराठीत विचार करणे सोडून देतो आणि तिथेच त्याचे मोठे नुकसान होते. टोटेम, म्हणजे कुळाचे प्रतीक मानलेला प्राणी, वनस्पती किंवा वस्तू, ही संकल्पना शिकताना लग्नाच्या आधी बसवले जाणारे देवक आठवावे, ते आपल्या घरी कोणते आहे हे आजीला विचारावे, आणि मग पुस्तकातली व्याख्या आपल्या देवकाला कुठे लागू पडते व कुठे पडत नाही, हे लिहून काढावे. कुळ, गोत्र, भावकी, सोयरीक, पाट, वतन, बलुते हे शब्द आपल्याला जन्माने मिळालेले आहेत. इतरांना ते वर्षभर शिकावे लागतात.

वंशावळ स्वतःच्या घरापासून

नातेसंबंधांचा भाग विद्यार्थ्यांना सर्वांत रुक्ष वाटतो. मला तो या विषयाचा गाभा वाटतो. त्याची सुरुवात स्वतःच्या घराच्या वंशावळीपासून करावी. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत ही पद्धत घडवली, आणि पुढे घुर्ये केंब्रिजला शिकायला गेले ते याच रिव्हर्स यांच्याकडे. पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, विवाहासाठी बरोबरचे चिन्ह, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ, एवढ्या खुणा पुरतात. आजी-आजोबांच्या पिढीपासून खाली या, प्रत्येक व्यक्तीचे माहेर किंवा मूळ गाव लिहा, आणि मुख्य म्हणजे ‘अहं’, म्हणजे जिच्यापासून नाती मोजायची ती व्यक्ती, ठरवून तो प्रत्येकाला काय म्हणून हाक मारतो, ते त्याच्याच शब्दात नोंदवा.

एवढे केले की मराठी नातेव्यवस्था स्वतःच बोलू लागते. इंग्रजी ज्यांना एकाच शब्दात कोंबते, त्यांना आपण चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ आणि मावसभाऊ असे वेगळे ठेवतो, आणि हा भेद निव्वळ शब्दांचा नाही. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते, चुलत आणि मावस भावंडांत मात्र ते निषिद्ध मानले जाते. मामाच्या मुलीशी लग्न झाले की मुलीची सासू ही तिची सख्खी आत्या असते आणि मुलाचा सासरा हा त्याचा मामा. पुष्कळ घरांत असे जवळचे नाते नसतानाही सून सासूला ‘आत्याबाई’ आणि जावई सासऱ्याला ‘मामा’ म्हणतो. म्हणजे प्रत्यक्ष विवाह तसा झालेला नसला तरी हाकेत तो नियम शिल्लक राहतो. उत्तरेकडे अशा भावंडांतील विवाह वर्ज्य आहे, तर दक्षिणेत मामा-भाचीच्या विवाहापर्यंत मोकळीक आढळते, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये उभा आहे; इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेची जी विभागणी मांडली, तिचा अर्थ आपल्या घरची वंशावळ काढलेल्या विद्यार्थ्याला लगेच उमगतो. घरची वंशावळ झाल्यावर ओळखीच्या एखाद्या आगरी, कोळी किंवा ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती समाजातील) कुटुंबाची वंशावळ त्यांच्या संमतीने काढावी आणि दोन्हींतील हाकांची तुलना करावी. पहिल्या सत्रासाठी याहून चांगला स्वाध्याय मला माहीत नाही.

क्षेत्रकार्य

क्षेत्रकार्याची सवय पहिल्या सत्रापासून लावावी. अखेरच्या सत्रातील प्रबंधासाठी ते राखून ठेवू नये. आपल्या परिसरात विषयांची वानवा नाही. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, नवी मुंबईचे दिवाळे आणि सारसोळे, येऊरचे वारली पाडे, भिवंडी-शहापूरकडच्या कातकरी वस्त्या, आणि सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहत उभे असलेले मजूर ही सारी क्षेत्रे लोकल, बस किंवा रिक्षाने गाठता येतात. विषय मात्र लहान निवडावा. ‘आगरी समाजाची संस्कृती’ हा विषय दोन महिन्यांत होणार नाही. लग्नात धवला गाणाऱ्या धवलारीणबाई कोणाकडून शिकतात आणि त्यांना मानपान काय मिळतो, हा होईल.

वेळापत्रक क्षेत्राचे पाळावे लागते. खाडीवर मासेमारी करणाऱ्या घरी जायचे तर भरती-ओहोटी पाहावी लागते, कारण तिथला दिवस घड्याळाइतकाच तिथीने चालतो. उधाणाच्या दिवसांत माणसे कामात असतात आणि भांगेच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत बोलायला सवड असते. कातकरी वस्तीवर दिवाळीनंतर गेलात तर अनेक घरे बंद दिसतील, कारण कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बंद घरे पाहून माघारी फिरू नये. कोणती घरे बंद आहेत, कोणती उघडी आहेत आणि मागे कोण राहिले आहे, ही त्या दिवसाची पहिली नोंद ठरते.

प्रश्न विचारताना ‘तुमच्यात लग्न कसे होते?’ असे विचारले तर नियम ऐकायला मिळतो. ‘तुमच्या थोरल्या मुलीच्या लग्नात कोण कोण काय घेऊन आले होते?’ असे विचारले तर घडलेले ऐकायला मिळते. नियम आणि प्रत्यक्ष वागणूक यांतील अंतर शोधणे हेच पुष्कळदा आपले काम असते, म्हणून दोन्ही प्रकारचे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वेगवेगळी ठेवावीत. मुलाखतीपेक्षा सोबत बसणे अधिक उपयोगी पडते. मासळी निवडणाऱ्या बाईंच्या शेजारी तासभर काही न विचारता बसावे, जमेल तशी मदत करावी, आणि त्या स्वतःहून काय सांगतात ते ऐकावे.

नोंदींविषयी मी आग्रहाने सांगतो. माझ्या पहिल्या क्षेत्रकार्यात, खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात, तीन दिवसांच्या नोंदी मी सुट्टीच्या दिवशी एकत्र लिहायला बसलो. मासळीचे वाटे कसे पडतात हे आठवत होते, पण ते कोणत्या शब्दांत सांगितले गेले, सांगताना कोण गप्प झाले आणि कोणी विषय बदलला, हे सारे निसटले होते आणि ते पुन्हा मिळाले नाही. म्हणून क्षेत्रात खिशातल्या वहीत तुटक शब्द टिपावेत आणि त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, त्यांवरून पूर्ण रोजनिशी लिहावी. पानाचे तीन भाग करावेत: जे डोळ्यांनी पाहिले ते एका भागात, जे ऐकले ते बोलणाऱ्याच्याच बोलीत दुसऱ्या भागात, आणि स्वतःचा तर्क तिसऱ्या भागात. तारखेसोबत तिथी लिहावी. एका तासाच्या भेटीला दोन तासांचे लेखन लागते, हे गृहीत धरूनच दिवस आखावा.

संमतीच्या बाबतीत नवी मुंबईत विशेष जपावे लागते. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि इथल्या गावांची शेते, मिठागरे आणि खाजणे शहरासाठी संपादित झाली. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून पुढे आली. अशा गावात वही घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला ‘तुला कोणी पाठवले?’ हा प्रश्न विचारला जाणारच, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर महाविद्यालयाच्या पत्रासह, मराठीत आणि पूर्ण खरे द्यावे. गावकऱ्यांनी परवानगीविना गरजेपोटी बांधलेल्या घरांचे नकाशे, घर क्रमांक किंवा मजले आपल्या प्रबंधातून उघड झाले तर एखाद्या कुटुंबाला त्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून अशी माहिती विषयाला नितांत आवश्यक नसेल तर गोळाच करू नये. नावे पहिल्या दिवसापासून बदलून लिहावीत. कातकरी हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक आहे, आणि त्यांच्या वस्तीवर सर्वेक्षण करणारे अनेक येऊन गेलेले असतात. दाखला, घरकुल किंवा रेशन मिळवून देण्याचा शब्द देऊन माहिती घेणे ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

जैविक शाखेची प्रात्यक्षिके, म्हणजे हाडांची ओळख, रक्तगट आणि शरीरमापन, ही हाताच्या सरावाने येतात. तीच व्यक्ती तीनदा मोजून स्वतःची चूक किती येते हे तपासावे, आणि मगच दुसऱ्यांना मोजावे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास मात्र मन लावून करावा, कारण एक जनुक, हिवताप, आदिवासी आरोग्य आणि विवाहाचे नियम हे सारे त्यात एकत्र येते.

पुढच्या वाटा थोडक्यात सांगतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिकांचा असतो. अध्यापनासाठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देता येते. भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, संग्रहालये, सार्वजनिक आरोग्याचे प्रकल्प आणि लोकांच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या कंपन्या इथे कामे मिळतात. मात्र स्पर्धा परीक्षेच्या टिपणांवर पदवीचा अभ्यास भागवू नये, कारण त्यात क्षेत्रकार्य येत नाही.

प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याचा चार-पाच पानांचा सारांश साध्या मराठीत लिहावा आणि सादर करण्यापूर्वी तो ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना वाचून दाखवावा. ते चुका दाखवतील, काही मजकूर गाळायला सांगतील, आणि एखादी आजी ऐकता ऐकता अशी गोष्ट सांगेल जी सहा महिन्यांत कानावर आली नव्हती. तीही लिहून घ्यावी आणि प्रबंध त्याप्रमाणे दुरुस्त करावा. ज्या कुटुंबाची वंशावळ काढली, तिची खऱ्या नावांची स्वच्छ प्रत मोठ्या कागदावर काढून त्यांच्या घरी नेऊन द्यावी, आणि आपल्याजवळच्या प्रतीतून ती नावे खोडून टाकावीत.